चिलरमधून बाहेर पडणारं पाणी

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कोंबडी प्रक्रिया युनिटात मी जंतुतपासणी बघते. मे महिन्यातल्या एका लॉटनं मला अजून सोडलेलं नाही. पोट काढून धुतलेल्या पक्ष्यांचे नमुने साल्मोनेलाला, म्हणजे अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूला, बहुतेक निगेटिव्ह. चिलर म्हणजे धुतलेले पक्षी गार करायची थंड पाण्याची टाकी. त्याच लॉटचे चिलरनंतरचे नमुने लावले, तर एक्सएलडी या जंतू वाढवून बघायच्या माध्यमाच्या लाल प्लेटवर साल्मोनेलासारख्या काळ्या ठिपक्यांच्या वसाहती! माल दिसायला पांढराशुभ्र. साल्मोनेलाला ना रंग, ना वास.

प्रॉडक्शनवाल्यांनी रजिस्टर पुढं केलं. क्लोरिन 40 पीपीएम (लिटरला 40 मिलिग्रॅम), पाणी 4 अंशांच्या आत, तासातासाला सही. नोंदी खऱ्याच होत्या, पण क्लोरिन मोजत होते पाणी आत शिरतं तिथं. मी बाहेर पडणारं पाणी घेऊन त्यात डीपीडीची गोळी टाकली; क्लोरिन असेल तर तिनं पाणी गुलाबी होतं. गुलाबी छटासुद्धा उमटली नाही. रक्त, चरबी, विष्ठा पाण्यात उतरली की मोकळा क्लोरिन त्यांच्यातच संपतो. त्यात आमचं बोअरचं पाणी. पीएच 8 च्या वर गेला की क्लोरिनचा जोर निम्म्याहून खाली येतो. मग एका पक्ष्याचे जंतू त्या पाण्यातून सगळ्यांना लागतात. समोर कापलेली कोंबडी स्वच्छच, असं लोक धरून चालतात. पण तिथंही बुचकळायला बादली एकच असते.

एवढी घाण येते कुठून, म्हणून पोट काढायच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. गळ्यातल्या पिशव्या खाद्यानं टच्च भरलेल्या, हात लागला की फुटत होत्या. कापण्याआधी 8 ते 12 तास खाद्य बंद ठेवायचं, पाणी चालू. त्याहून जास्त उपाशी ठेवलं तर आतडं नाजूक होऊन तेही फाटतं. लिफ्टिंगच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या शेडवरून पक्षी उचलून आणायच्या कामाच्या, सुपरवायझरला विचारलं.

"मॅडम, पैसे जिवंत वजनावर मिळतात. रिकाम्या पोटाचा पक्षी काट्यावर कोण चढवंल?"

मीटिंगमध्ये सगळ्यांनी शेतकऱ्यावर खापर फोडलं. मला ते पटलं नाही. दर आपणच तसा लावलाय.

आता क्लोरिन बाहेरच्या टोकाला मोजतो, ताजं पाणी वाढवलंय, भरल्या पोटाची गाडी सगळ्यात शेवटी घेतो. नमुने सुधारलेत. कापल्यानंतरच्या वजनावर दर द्या, असं मी मालकांना लेखी दिलंय. पण ते वजन आमच्याच काट्यावर होणार, शेतकऱ्यानं त्यावर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.