आमची वाटचाल: उद्यमनगर ते डेट्रॉईट

२००९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं, म्हणजे तिथल्या बड्या मोटार कंपनीनं, दिवाळखोरीचा अर्ज केला. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांतून माणसं कमी व्हायला लागली, त्यात माझीही नोकरी गेली. हाताला लहानपणापासून येत असलेलं एकच काम होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांचं इंजिनाच्या सिलिंडरचं बोअरिंग करायचं वर्कशॉप, शाळा सुटली की मी तिथंच. पुढच्या वर्षी डेट्रॉईटच्या उत्तरेला एक गाळा भाड्यानं घेतला आणि सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणणारं जुनं होनिंग मशीन आणून बसवलं. हिशेब बायकोनं घेतला, तो आजही तिच्याकडेच आहे.

इथं मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकन गाडी, घरातलं माणूस असते. १९९५ पासून ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, भरते, तेव्हा हे प्रेम डोळ्यांनी बघायला मिळतं. आमचं गिऱ्हाईक यातलंच. २०१० च्या कॅमेरो एसएसचं ६.२ लिटरचं एलएस३ इंजिन कंपनीतून ४२६ हॉर्सपॉवरचं येतं, गिऱ्हाइकाला ८०० हवे असतात. वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, कुणीही बसवून देतो. त्या वाढीव जोराचा मार सोसतो खालचा गाभा: ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन. हा शॉर्ट ब्लॉक, आणि आम्ही तेवढाच बांधतो. कंपनीचे ओतीव पिस्टन आणि पावडर मेटलचे रॉड काढायचे, फोर्ज्ड म्हणजे घडीव पिस्टन आणि ४३४० जातीच्या मजबूत स्टीलचे क्रँक आणि रॉड घालायचे.

पैसे टाकले की हे भाग मिळतात. त्यावरच भागतं असं सुरुवातीला आम्हालाही वाटलं.

२०१२ मध्ये आम्ही बांधलेलं एक इंजिन सहा आठवड्यांत धूर ओकत परत आलं. खोललं तर सात नंबरच्या पिस्टनचा, वरच्या दोन रिंगांमधला (पिस्टनभोवतीच्या कड्यांमधला) काठ तुटलेला. रिंग हातात घेतली. तिची दोन्ही टोकं आरशासारखी चमकत होती. बघताक्षणी कळलं. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, ४.०६५ इंचाचा, आम्ही रिंगच्या तोंडात १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) फट ठेवली होती. साध्या इंजिनाला ती बरोबर, पण सुपरचार्जरच्या उष्णतेनं रिंग फुगली, टोकाला टोक भिडलं, रिंग बोअरमध्ये अडकली आणि तिनं पिस्टनचा काठ उचकटला. तिथं २५-२६ थाऊ हवी होती. चूक आमचीच. इंजिन आमच्या खर्चानं पुन्हा बांधून दिलं, त्या महिन्याचं भाडं बचतीतून भरलं.

तेव्हापासून प्रत्येक इंजिनाबरोबर मापांचा कागद जातो. आठ बोअर, सोळा रिंगा, पाच मेन बेरिंग, आठ रॉड बेरिंग. माप घेतलेल्या माणसाची सही असल्याशिवाय इंजिन गाळ्याबाहेर पडत नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात आबा आले. मी ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) जागी बसवायची जाड पाटी, आवळून होनिंग करत होतो. ते म्हणाले, "हेड नाही, आणि बोल्ट कशाला आवळलेस?" बोअर मोजायचा गेज आत ठेवून मी बोल्ट सैल केले. काटा दीड थाऊ सरकला. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा गोलपणा जातो. म्हणून हेड बसल्यावर जो ताण येणार, त्याच ताणात बोअर गोल करायचा. आबांनी बोल्ट परत आवळायला लावले, स्वतः गेज धरला. मग अंगठा बोअरमधून वरून खाली फिरवला आणि विचारलं, "रॉड बेरिंगला फट किती ठेवतोस?" म्हटलं, अडीच थाऊ. "तेल कुठलं, ते विचारून ठेव," एवढंच बोलले. फट किती हवी, ते तेलाच्या जाडीवरही ठरतं. तेलाचा रकाना तेव्हा कागदावर आला.

आज आम्ही चौघं आहोत. एका इंजिनाला दीड-दोन महिने लागतात. कंपनीच्याच ॲल्युमिनियम ब्लॉकवर १२०० हॉर्सपॉवर मागणाऱ्याला आम्ही जाड भिंतीचा लोखंडी ब्लॉक घ्यायला सांगतो. काही जण उठून दुसरीकडे जातात, जाऊ देतो.

आबांनी मोजलेल्या त्या इंजिनाचा कागद त्यांच्याच अक्षरात आहे, सगळे आकडे मराठीत. नवा लिहून देतो म्हटलं तर मालक नको म्हणाला. तो कागद आजही त्याच्या गाडीच्या कप्प्यात आहे.