गंगापूर धरणात इंजिन बंद पडलं, आणि आम्ही २५ मिनिटं हुशारी केली

स्टार्टरची दोरी ओढून ओढून उजवा खांदा अजून ठणकतोय, तेव्हा सूर जरा चिडका वाटला तर समजून घ्या.

मे अखेरचा रविवार. मी, मेहुणा आणि पूर्वी मर्चंट नेव्हीत असलेला त्याचा चुलतभाऊ. नाशिकजवळच्या गंगावऱ्ह्याच्या बाजूने बॅकवॉटरला गेलो, तीन तासांसाठी २,५०० रुपयांत आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं इंजिन) लावलेली होडी घेतली. "काही होत नाही भाऊ, कालच सर्व्हिसिंग झालंय," असं मालक म्हणाला. पहिला दीड तास छान गेला. फोटो आहेत, कोणाला हवे असतील तर.

साडेपाचला इंजिन गचके देऊन बंद पडलं. पेट्रोल अर्धी टाकी. दोरी ओढली की दोन मिनिटं चालायचं, परत ठप्प. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला तर चपटा झाला आणि चपटाच राहिला. तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही. आळीपाळीने दोरी ओढत बसलो.

मे महिन्यात संध्याकाळी नाशिकला पश्चिमेचा वारा सुटतो आणि धरणाची भिंत पूर्वेला आहे. म्हणजे वारा आपल्याला सरळ भिंतीकडे नेतो. चुलतभावाने मोबाइलच्या नकाशावर पाहिलं: १० मिनिटांत ३०० मीटर सरकलो होतो. इंजिन बंद पडलं तेव्हा भिंत साधारण १,६५० मीटरवर होती, मालकाला फोन लावला तेव्हा ९०० वर. तो म्हणाला, "अर्ध्या तासात माणूस पाठवतो." त्या वेगाने आमच्या हातात तेवढाच अर्धा तास होता!

तेव्हा माझं स्पष्ट मत: इंजिन बंद पडणं हे संकट नाही, वाहत जाणं हे संकट आहे. बंद पडल्या पडल्या धोक्यापर्यंतचं अंतर आणि सरकण्याचा वेग मोजा. जेवढा वेळ निघेल त्याचा अर्धाच आपला समजा. मदत पोचायला त्याहून जास्त लागणार असेल, तर दुरुस्तीला हात लावायच्या आधी फोन. चालू झालंच तर "नको दादा" म्हणायला काय लागतं?

आणि फोनच्याही आधी नांगर. आमचा पडला उशिरा. सुरुवातीला खाली तीनेक मीटर पाणी होतं. भिंतीकडे ते खोल होत जातं आणि दोरी होती जेमतेम १५ मीटर. नांगर धरायला खोलीच्या पाचपट तरी दोरी सोडावी लागते. तोवर तो नुसता तळावरून घसटत होता. शेवटी बादली दोरीला बांधून नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) पाण्यात सोडली, तेव्हा निदान तोंड वाऱ्याकडे राहिलं.

एक मासेमारीची होडी दिसली. आम्ही हात हलवले, त्यांनीही हलवले! मग चुलतभावाने उभं राहून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली केले. समुद्रावर संकटाची खूण हीच. ते वळले. दोर लावला तेव्हा भिंतीच्या उतारावर रचलेले पिचिंगचे दगड ३०० मीटरवर होते. मालकाचा माणूस काठावर भेटला.

अलिबाग-मुरुडकडे होडी नेणाऱ्यांसाठी, चुलतभावाच्या शब्दांत: इंजिन गेलंय पण नांगर धरलाय, सगळे धड आहेत, तर होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ ला 'पॅन-पॅन', म्हणजे तातडीची हाक. खडकाकडे चाललोय आणि नांगर धरत नाही, होडीत पाणी शिरतंय किंवा जिवावर बेतलंय, तर 'मेडे', म्हणजे थेट संकटाची हाक. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. ठिकाण, काय झालं, किती माणसं, या क्रमाने सांगा, आणि अंधार पडायच्या आत सांगा. शिडाची होडी असेल तर आधी शीड. आपल्या धरणावर १५५४ चा उपयोग नाही, इथे ११२.

लाइफ जॅकेटचं बक्कल काठावरच लावून बघा, आमच्या तिनातलं एक तुटकं निघालं. वल्हं एकच होतं. एका वल्ह्याने होडी गोल फिरते.

आता पैसे. ज्यांनी ओढून आणलं त्यांनी पेट्रोलपुरते २०० घेतले, तेही आम्ही कोंबले म्हणून. मालकाने मात्र 'टोइंगचे' १,५०० मागितले. वाद चालू असताना त्याच्या पोऱ्याने टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन बोटांनी सैल केला, फुगा टम्म झाला आणि इंजिन पहिल्या ओढीत चालू. स्क्रू बंद असला की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल येत नाही, बस एवढंच. १,५०० दिले नाहीत. परत त्याच्याकडे जाणार नाही.