तुम्ही विचारलंत म्हणून: वह्या आहेत, आत्मचरित्र नाही

पाडव्याला आमच्या पडवीत पंचांग वाचायचं काम ह्यांचं. यंदा 19 मार्चला त्यांनी चष्मा सारखा केला, 'शके 1948, पराभवनाम संवत्सर' एवढं वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझाच इलो गो परत. आता सांभाळून ऱ्हव."

माझा जन्म ऑगस्ट 1966 चा, म्हणजे शके 1888. तेव्हाही पराभवच होता. संवत्सरांची नावं 60. ती संपली की पुन्हा प्रभवापासून सुरुवात. गुरू राशींची फेरी सुमारे 12 वर्षांत करतो, शनी सुमारे 30 वर्षांत. म्हणून 60 वर्षांनी दोघेही साधारण होते तिथेच येऊन उभे राहतात. साठीशांतीची गोम ती. त्यात मी अधिक श्रावणातली. तिथीने धरलं तर नेमका तोच महिना माझ्या वाट्याला 1977, 1985, 2004 आणि 2023 असा चारदाच आला, कधी 8, कधी 11, तर कधी 19 वर्षांनी. आजी म्हणायची, "ह्या चेडवाक वाढदिवस कमीच." मला ते बरीच वर्षं खरं वाटायचं.

ज्योतिषावर माझा विश्वास बेताचा, तारखांवर मात्र आहे. 1984 पासून मी रोज रात्री वहीत चार-सहा ओळी लिहिते. साठी जवळ आली तसा सगळीकडून एकच प्रश्न यायला लागला. लग्नात, सोसायटीच्या दारात, एसटीच्या थांब्यावर: "एवढ्या वह्या आहेत, आता आत्मचरित्र लिहा की! कधी घेताय मनावर?" देवगड तालुक्यातल्या एका छोट्या गावच्या वाचनालयात मी 31 वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकांशेजारी एवढी वर्षं बसलेल्या बाईच्या हातून एखादं पुस्तक व्हायलाच हवं, असं लोकांना वाटतं. मी हसून 'बघू' म्हणते. पण तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, म्हणून आता खरं काय ते सांगते.

वह्या दिसायला काही खास नाहीत. लग्न होईपर्यंतच्या तर आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, खातेवह्याच. ते पुढून लिहायचे, मी मागून. पुढे मुंबईच्या दलालाकडून आलेली पट्टी, पेट्या किती, भाडं, हमाली, हातात काय उरलं ते. मागे मी. 1986 च्या वहीत आम्ही दोघं मध्ये कुठेतरी एकमेकांना भेटलो. त्यांच्या पानावर 'पेंढा, 2 भारे', आणि समोरच्या पानावर माझा कुठल्याशा मैत्रिणीशी धरलेला अबोला. 1990 मध्ये माझं लग्न झालं तेव्हा आप्पांनी त्या सगळ्या वह्या ट्रंकेत घालून दिल्या. म्हणाले, "हिशेब जुने झाले. तुझ्याकडेच ऱ्हवांदेत." त्यानंतर खताच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायऱ्या, शंभर पानी वह्या, एका वर्षी तर कुणाच्या तरी लग्नात उरलेली आहेराची वही.

कोकणात कागद सांभाळणं हा एक वेगळाच संसार आहे. चार महिने भिंतींना ओल, चपलांना बुरशी, तिथे कागदाची काय कथा. शाईपेनाने लिहिलेली काही पानं फुटून नुसती निळी झाली आहेत. मी बॉलपेन धरलं ते त्या दुःखाने. वह्या पत्र्याच्या ट्रंकेत, मध्ये मध्ये निर्गुडीचा सुका पाला, आणि दरवर्षी दिवाळी झाली की खळ्यात जुनी साडी अंथरून त्यांना ऊन दाखवायचं. मे महिन्यात सोलं घालते तशाच रांगेत मांडते. वारा पानं उलटत राहतो आणि जे पान उघडं पडेल ते मी उभ्या-उभ्या वाचते. उन्हात फार वेळ वाचवत नाही, ते बरंच आहे.

गेल्या नोव्हेंबरात 1988 ची वही अशीच उघडी पडली.

त्या वर्षाची एक गोष्ट मी जन्मभर सांगत आले. कणकवलीला बीए केलं, कोल्हापूरला बीएडला जागा मिळाली, आणि आप्पांनी पाठवलं नाही. ही गोष्ट लग्न झाल्यावर ह्यांना सांगितली, सासूबाईंना सांगितली. मुलीला किती वेळा सांगितली त्याला सुमार नाही. 2006 मध्ये महिला दिनाला हायस्कुलात बोलायला बोलावलं, तिथे तर रंगवून सांगितली. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसायला साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं, हे मुलींना सांगून मी म्हटलं, "कर्वे निदान घाट चढून गेले तरी. मला फोंडाघाटाच्या एसटीतसुद्धा कुणी बसवलं नाही." टाळ्या पडल्या. आप्पा पहिल्या रांगेत होते, टोपी मांडीवर ठेवून. त्यांनीही वाजवल्या.

वहीत असं आहे:

'14 जून. आप्पा काजूचे पैसे घेऊन आले. 600 माझ्यापुढे ठेवले. फी आणि खोलीचं भाडं म्हणाले. मग विचारलं, तुका जमतला मां गो? झोप नाही. पाऊस जोरात.'

'15 जून. पैसे परत दिले. म्हटलं पुढच्या वर्षी बघू. आप्पा काही बोलले नाहीत. मांगराची कौलं सारखी करायला गेले. वहाळाला पाणी आलं.'

16 जूनला भाताचा तरवा, म्हणजे रोपं, पेरल्याचं आहे. बीएडचं नाव नाही, आणि पुढे त्या वहीत ते कुठेच नाही.

अक्षर माझंच. 'परत' हा शब्द फुटलाय, पण वाचता येतो. मी वही हातात घेऊन गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसले आणि आधी चिडले; कुणावर ते समजेना. आप्पांचा तो प्रश्न मला आठवत होता, शब्दन् शब्द आठवत होता. फक्त त्याचं प्रश्नचिन्ह कुठेतरी गळून पडलं होतं. आमच्या मालवणीतल्या 'मां'मध्ये विचारणाऱ्याला होकार हवा असतो. जमेल ना, म्हण जमेल, असं ते विचारणं. मी तो तेव्हाच नकार म्हणून ऐकला, की पुढे सांगता सांगता त्याचा नकार करून घेतला? त्याचं उत्तर वहीत नाही. बाहेर भीती वाटते असं म्हणण्यापेक्षा बापाने सोडलं नाही असं म्हणणं सोपं असतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटतं. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींना खरोखरच सोडलेलं नव्हतं. त्यांच्या गर्दीत मीही शिरून उभी राहिले.

आणि 2006 मध्ये तो माणूस पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाला, "बरा बोललंस."

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वही खरी आणि तुम्ही खोट्या. तसंही नाही. आप्पा जानेवारी 2011 मध्ये गेले. त्या दिवशीची नोंद बघा: 'आप्पा पहाटे गेले. भाऊ दुपारी पोचला. वायंगणाला पाणी सोडायचं राहिलं.' वायंगण म्हणजे उन्हाळी भात. एवढंच. आदल्या रात्री त्यांचे पाय गार पडत होते आणि मी तेल कोमट करून चोळत बसले होते, ते वहीत नाही. ते मला आठवतं, आणि ते खरं आहे. 26 जानेवारी 1998, कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर पहिली गाडी धावली, अख्खं कोकण ज्या दिवसाची वाट बघत होतं तो दिवस, माझ्याकडे असा आहे: 'मनूला गोवर. टीव्हीवर रेल्वे.' (मनू माझी मुलगी.) मोठ्या दिवशी वही मुकी होते, लहान दिवशी बडबडते.

तौक्ते चक्रीवादळाची गंमत वेगळीच. 16 मे 2021, रविवार. त्या वाऱ्यात आमची आंब्याची सात कलमं मुळासकट गेली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. वहीत पाच आहेत, जागेसकट: विहिरीकडची दोन, गडग्यालगतची तीन, 'मागचं रायवळ उभं.' (रायवळ म्हणजे कलम न केलेलं, कोयीपासून वाढलेलं आंब्याचं झाड.) उरलेली दोन मी पाडली. (नुकसानभरपाईच्या अर्जात पाचच लिहिली होती, काळजी नसावी.)

तर आत्मचरित्र का नाही, ते हे. ते मी 2024 मध्ये निवृत्त झाल्या-झाल्या लिहायला घेतलं असतं, तर दुसऱ्याच प्रकरणात आप्पांनी दारात उभं राहून मला अडवलं असतं. छान उतरलं असतं ते प्रकरण. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आप्पा नाहीत, त्यामुळे कुणी हरकतही घेतली नसती. आणि ही तर वाऱ्याने उघडलेली एक वही. बाकीच्या मी ओळीने कधी वाचलेल्या नाहीत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला बसले, तर माझ्या किती गोष्टी उभ्या राहतील, सांगता येत नाही. रायवळासारखी एखाददुसरी राहील.

लिहिल्याने मन मोकळं होतं असं म्हणतात. होत असेल कुणाचं. माझं मन मोकळं होतं ते विहिरीवर, शेजारणीशी. वही मला लागते ती उद्या मी काय सांगत सुटेन त्याला एक खुंटी असावी म्हणून. आपणही साठीच्या निमित्ताने लिहावं की काय असं मला विचारणाऱ्यांना मी सांगते: लिहा, पण काय वाटलं ते कमी लिहा. ते तुम्ही पुढे हवं तसं बदलून घेणारच आहात. पेटीला काय दर मिळाला, कोण आलं होतं, पाऊस किती वाजता लागला, कोणाचे किती पैसे परत केले, ते लिहा.

नोव्हेंबरात वाचलेलं मनूला सांगायला मला पाडवा उजाडला. तिला पुण्याला शिकायला पाठवताना मी तिला बजावलं होतं की माझं झालं तसं तुझं होऊ देणार नाही. ह्यांची ऐपत नव्हती, तरी हट्टाने पाठवलं. फोनवर सगळं ऐकून ती आधी गप्प झाली. मग हसायलाच लागली. "म्हणजे मला पुण्याला धाडायला तू आजोबांच्या नावाने पावती फाडलीस!" मी म्हटलं, हसू नकोस. ती म्हणाली, "बरं, मग त्या 600 रुपयांचं काय झालं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. फोन ठेवला, ट्रंक उघडली आणि 1988 ची वही काढून ती पहिल्यांदाच पुढून उघडली. आप्पांचं तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. जूनमध्ये आंबा संपलेला असतो, त्यामुळे नोंदी थोड्या. भाताचं बियाणं. कौलं, 40. त्याखाली: 'बायचे 600, पोस्टात. पुढील सालाकरिता.'

1989 ची वही त्याच ट्रंकेत आहे, खालून तिसरी. तिला ऊन दिवाळीनंतर.