दुसऱ्या बेंडच्या पुढची डक्ट

खोल्यांत हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टमध्ये सफाईसाठी सोडलेला आमचा रोबो दुसरा बेंड ओलांडल्यावर अडला आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. मोटर कमी पडते, असं सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं. पण करंट वाढलेला नव्हता. मोटर दमली नव्हती, पकड सुटली होती.

रोबो ६ किलोचा. धुळकट पत्र्यावर घर्षणांक ०.५ धरला तर ओढ फार तर ३ किलो. मागची केबल बेंडच्या आतल्या कडेला घासते आणि तिथे ताण बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. केबलचा घर्षणांक ०.४ असेल तर ९० अंशांच्या एका बेंडला जवळपास १.९ पट, दोन बेंडना ३.५ पट. म्हणजे सरळ भागातला १ किलोचा ताण रोबोपाशी साडेतीन किलो होतो. इथे मोठी मोटर काय करणार? केबल बारीक आणि गुळगुळीत घेतली, चाकांत चुंबक बसवले. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा लोखंडी, त्यामुळे वजन न वाढवता पकड मिळाली.

सांध्यांवरच्या स्क्रूंची टोकं मात्र आत बोटाच्या पेराएवढी आलेली. केबलचं आवरण त्यांनीच सोललं. बाहेरून दिसत नाही म्हणून हाताला लागेल तो लांब स्क्रू मारायचा, याची मला मनापासून चीड येते.

निर्जंतुकीकरणाला २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा होता. भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिवॉट पडत असतील आणि उजेडाचा पट्टा ३० सेंटिमीटरचा असेल, तर सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने प्रत्येक जागेला १५ सेकंद, म्हणजे ३० मिलिजूल मिळतात. बऱ्याच जिवाणूंना तेवढं पुरतं. काळ्या बुरशीच्या बीजाणूंना कितीतरी जास्त लागतं. शिवाय धुळीचा थर असेल तर किरण वरच्या कणांवरच अडतात. म्हणून आधी कॅमेरा, मग ब्रश आणि व्हॅक्यूम, दिवा सगळ्यात शेवटी. कॅमेऱ्याचा प्रकाशही तिरपा हवा. समोरून टाकला की पत्रा चकाकतो आणि धूळ दिसत नाही.

पुढे अर्धवट मिटलेला डॅम्पर, म्हणजे हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप, होता. नकाशात तो नव्हताच. त्याच्यापलीकडे जायचं तर नवीन अ‍ॅक्सेस डोअर, म्हणजे पत्र्यात उघडता येणारं झाकण, कापावं लागेल. ग्राहकाला ‘संपूर्ण डक्ट निर्जंतुक’ असं प्रमाणपत्र हवं होतं. आम्ही डॅम्परपर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहिलं आणि पुढचा भाग तपासलेला नाही, अशी नोंद केली. नोंद बरोबर आहे, यात शंका नाही. पण राहिलेला तुकडा खोलीच्या बाजूचा आहे, हवा खोलीत शिरण्याआधी सगळ्यात शेवटी तिथूनच जाते. डोअर कापेपर्यंत डॅम्परच्या अलीकडच्या भागाच्या सफाईचे पैसे घ्यावेत का, यावर आमचं अजून एकमत नाही.