दोनशे कोटी पावलं

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला मॅडमनी मला ट्रिप-केज दिलं. अवघ्या वीस अमिनो आम्लांचं प्रोटीन. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या पेप्टाइडवरून, म्हणजे छोट्या अमिनो आम्ल-साखळीवरून, छाटून-सुधारून बनवलेलं. 2002 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आत ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल आणि त्याला घेरून बसलेली प्रोलिन नावाची दुसरी. साखळीची आपोआप घडी बसताना संगणकावर दाखवायची, एवढंच काम. प्रत्यक्षात ती सुमारे चार मायक्रोसेकंदांत बसते. म्हटलं, आठवड्यात उरकेल.

हिशोब मांडला आणि घाम फुटला. ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर प्रत्येक अणूवरचं बल काढतं, अणू जरासा सरकवतं, पुन्हा बल काढतं. एकेक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं आणि एका मायक्रोसेकंदात फेम्टोसेकंद शंभर कोटी, म्हणजे चार मायक्रोसेकंदांना दोनशे कोटी पावलं. विभागाच्या सर्व्हरवर पीएचडीवाल्यांची रांग, म्हणून भांडुपच्या घरी भावाचा गेमिंगचा पीसी ताब्यात घेतला. दिवसाला दीडशे नॅनोसेकंद निघायचे; हजार झाले की एक मायक्रोसेकंद. भाऊ आठवडाभर बोलला नाही.

पहिले तीन दिवस तर पाण्यातच गेले. साखळी सरळ ताणून ठेवली होती, लांबी साधारण साडेसहा नॅनोमीटर; आणि ती ज्यात बुडवायची त्या संगणकातल्या पाण्याच्या पेटीचं माप जुन्या फाइलमधून उचललेलं, पाच नॅनोमीटर. या पेटीला भिंती नसतात. लोकलच्या एका दारातून उतरलेला माणूस त्याच क्षणी समोरच्या दारातून आत यावा, तसं चालतं. त्यामुळे माझ्या साखळीचं एक टोक पलीकडून येऊन स्वतःच्याच अंगाला चिकटलं होतं. व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघते तर दोरीसारखी ताठ. पेटी नऊची केली तर अणू सत्तर हजार झाले आणि वेग गोगलगायीचा.

मॅडम म्हणाल्या, "अगं, पेशीत कोण पट्टी लावून सरळ करतं त्याला? तापव आणि विस्कट."

मग घडी बसलेलं प्रोटीन 500 केल्विनला तापवलं, त्यातले सहा चुरगळलेले आकार निवडले आणि प्रत्येकाला 315 केल्विनवर दीड मायक्रोसेकंद सोडलं. दोन महिने. मे महिन्यात कपाटाएवढ्या त्या खोलीत टेबलफॅन माझ्याकडे नाही, पीसीकडे वळवलेला. आई येता-जाता विचारायची, "दुमडलं का गं तुझं?"

सहापैकी दोनदा दुमडलं. आधी वाईट वाटलं, पण चार मायक्रोसेकंद ही सरासरी आहे. एकूण नऊ मायक्रोसेकंदांमध्ये दोनदा म्हणजे अगदी हिशोबात. त्यातलं एक नंतर पुन्हा उलगडलं. मी रडकुंडीला आले, मॅडम मात्र खूश. 315 केल्विनच्या आसपासच ते निम्मं घडी बसलेलं, निम्मं उलगडलेलं असतं, त्यामुळे उलगडायलाच हवं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला: "अल्फाफोल्डवाल्यांना 2024 चं नोबेल मिळालं. मग तुम्ही पीसी का तापवलात?"

मी म्हटलं, "सर, त्या एआय प्रोग्रॅममधून बसलेली घडी कळते. कशी बसली ते नाही. माझ्याकडे आधी मळसूत्रासारखं हेलिक्स झालं, मग ट्रिप्टोफॅन आत शिरलं."

"दुसऱ्या वेळीही हाच क्रम?"

मी आलेख उलटा-सुलटा करून पाहिला. दुसऱ्या वेळी ट्रिप्टोफॅन आधी शिरलं होतं.

"नाही, सर."

"मग तसंच लिहा," म्हणाले, आणि पान उलटलं.