मोजलं नाही, तर तसं लिहा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मोठ्या हुद्द्यांवरचे माजी विद्यार्थी लिहितील. मी अजून मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हुद्दा म्हणावा तर कॉलेजच्या बाहा टीमचा (बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा) कॅप्टन. म्हणून प्रोजेक्टबद्दलच लिहितो.

आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. आमसुलांसाठी त्यांची सालं मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची, आणि नेमका तेव्हाच वळीव गाठतो. दरवर्षी थोडी आमसुलं बुरशीने जातात. तिसऱ्या वर्षी वर्गातले बरेचजण ड्रोनच्या मागे लागले, आम्ही चौघांनी आमसुलांचा सोलर ड्रायर घेतला.

किनाऱ्यावर उन्हाला तोटा नाही, अडचण दमटपणाची. 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा 50 अंशांपर्यंत तापवली की तिचीच सापेक्ष आर्द्रता 27 टक्क्यांच्या आसपास येते आणि ती पाणी ओढू लागते. मेमध्ये सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर, म्हणजे उन्हासाठी हवा तापवणारा काळा पत्रा आडवाच बरा. पण पंख्याविना हवा वर चढायची तर उतार हवा. बराच वाद घालून 15 अंशांवर आलो. ट्रेचं दुखणं वेगळं. मीठ आणि आंबट रस मिळून पत्र्यावरचा जस्ताचा थर खातात, नेहमीच्या 304 स्टेनलेस स्टीललाही मिठाने खड्डे पडतात, आणि मिठापुढे जास्त टिकणारं 316 स्टील परवडेना. शेवटी सुतारकाकांनी फणसाच्या लाकडाच्या चौकटी करून दिल्या, वर नायलॉनची जाळी. आई म्हणाली, "आमसुलाला धातू चालत नाही, एवढं तर मीच सांगितलं असतं!"

मोजमापाचं वळण मात्र शाळेतलं. मागच्या अंगणात पर्जन्यमापक होता. विज्ञानाच्या सरांनी नववीच्या पाळ्या लावल्या होत्या: सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, पाणी मोजायचं. रविवारीसुद्धा! पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. मोजलंच नसेल तर 'मोजलं नाही' लिहायचं, शून्य नाही. ड्रायरच्या नोंदींत रात्री सेन्सर बंद पडला, तेव्हा मागची-पुढची सरासरी भरू या, असं एकाने सुचवलं. मी ऐकलं नाही. शोधनिबंधातल्या आलेखात तेवढी जागा मोकळी आहे, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न तिच्यावरच विचारला.

बाहाबद्दल थोडक्यात. खडबडीत रस्त्यांवरची गाडी विद्यार्थ्यांनीच बांधायची. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. 'नेतृत्व' हा शब्द भाषणात बरा वाटतो. प्रत्यक्षात कॅप्टनने बिलं सांभाळायची, वेल्डिंगला कोण बसणार ते ठरवायचं आणि परीक्षेच्या आठवड्यात रुसलेल्यांना वर्कशॉपमध्ये परत आणायचं.

येत्या मेमध्ये काळ्या पत्र्याखाली पॅराफिन मेणाचे डबे बसवणार आहोत. हे मेण साधारण 55 ते 60 अंशांना वितळतं आणि वितळताना किलोमागे सुमारे 200 किलोज्यूल उष्णता साठवतं. दुपारची ही ऊब रात्री किती वाजेपर्यंत पुरते, ते पाहायचं आहे. शाळेच्या गच्चीवर जागा मिळावी म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे.