डाव्या पायावरचा ठोका

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पंधरा ऑगस्टचा बँड बसवायला जात होतो. जुलै महिना, त्यात खानापूरचा पाऊस. मैदानाचं नाव काढायची सोय नव्हती. तालीम व्हरांड्यातच चालायची. त्या दिवशी मी पोचलो तर आठवीतलं एक पोरगं पुढं करून ठेवलेलं. "सर, ह्याला शिकवायची गरजच नाही. गणपतीत ताशा वाजवतोय," शिक्षक म्हणाले.

वाजवतोय म्हणजे काय! साइड ड्रम अडकवून त्यानं हात सोडला आणि शेजारचा अख्खा वर्ग खिडकीला लागला. एकेरी ठोके असे दाट, की मधे फट सापडू नये. बेळगावची मिरवणूक बघत वाढलेली पोरं ही, वेग त्यांच्या हातात असतोच. मला वेगाचं कौतुक आहे, नाही असं नाही. पण बँडला आधी दुसरंच काही लागतं.

मोबाईलवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला 60. दर टिकटिकीला दोनच ठोके, क्रम पॅराडिडलचा: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. दुसऱ्याच फेरीत त्याचे हात आपसूक आलटून पालटून पडायला लागले. सावकाश म्हटलं की खांदे वर, मनगटं ताठ. "सर, एवढं हळू जमूलालं नाही. जोरात वाजवू काय?"

जोरात वाजवला असता तर चूक लपली असती, एवढंच. ताशाच्या काड्या बारीक, लवचिक. ताणलेल्या पानावर त्या स्वतःच उसळतात. साइड ड्रमची काठी जड. बुडापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत ती धरायची. जोडठोका म्हणजे एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके. त्यातला पहिला मनगटानं मारायचा, दुसऱ्याला बाकीची बोटं मिटून काठी आत ओढायची. त्याची ती बोटं काठीला नुसती चिकटून बसलेली. म्हणून बिसिऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाची रिकामी पोती आणवली, घडी घालून बाकावर ठेवली आणि त्यावर वाजवायला लावलं. पोत्यावर काठी उसळत नाही. दुसरा ठोका हातानंच काढावा लागतो. पाच मिनिटांत घाम आला पोराला.

तेवढ्यात कोपऱ्यात बिगुलवाल्या मुलीनं सूर लावला आणि बाजूला ठेवलेला ड्रम आपोआप झणझणला. पोरं हसली. खालच्या पानाला टेकलेल्या तारा अशा दुसऱ्याच्या आवाजानंही थरथरतात. खटका पाडला की तारा सुटतात, ड्रम गप्प. हे मात्र त्या ताशेवाल्यानं एकदा बघून उचललं. नंतर दर वेळी खटका तोच पाडायचा.

पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या 1984 च्या यादीत असे 40 रुडिमेंट, म्हणजे ड्रमचे पायाचे ठोके, आहेत; त्याआधी अमेरिकेत 26 धरायचे. शाळेच्या बँडला एकेरी, जोडठोका, पॅराडिडल आणि फ्लॅम (मोठ्या ठोक्याला चिकटून आधी एक हलका) एवढे स्वच्छ आले तरी संचलन निघतं. स्वच्छ म्हणजे दोन्ही हात सारखे. उजव्याचा आवाज मोठा आणि डाव्याचा चोरटा असेल, तर मागून चालणाऱ्याला लंगडा ताल ऐकू येतो.

शेवटी जागेवर पावलं टाकत वाजवायला सांगितलं. मिनिटाला 120 पावलांच्या चालीनं सुरू केलं, आणि पोरगं रंगात येऊन तालाच्या पुढं पळालं. रांगेतल्या धाकट्या पोरांचे डावे-उजवे पाय गुंतले. एक जण तर चक्क उड्या मारत होता. मी त्या ताशेवाल्याचा साइड ड्रम काढून घेतला आणि त्याच्या पोटावर मोठा ड्रम बांधला. डावा पाय पडला की एक ठोका, बाकी काही नाही. पंधरा दिवस हेच. पोराचं तोंड एवढंसं झालं.

दुपारी त्याचे मामा आले, पथकातले जुने ताशेवाले. भिजलेली टोपी हातात, आवाज चढलेला. "काय सर, ताशाच्या पोराच्या गळ्यात ढोल बांधलासा?"

मी वाद घातला नाही. "बसा की मामा," म्हणून काठ्या त्यांच्या हातात दिल्या, पोतं पुढं सरकवलं आणि पॅराडिडल सावकाश वाजवून दाखवला. दोन फेऱ्या बरोबर गेल्या, तिसऱ्यात उजवा अडखळला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. भाचा तोंड फिरवून हसत होता.

"हसतोस काय बे," मामा त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ढोल राहू दे त्याच्याकडं. खरं ते शेवटचे दोन ठोके परत दाखवा की."